बाटलीत काय होते? एकोणिसाव्या शतकातील ‘पेटंट’ औषधे

१९०९ साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने ‘सिक्रेट रेमेडीज’ नावाचे पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध केले. त्याची पद्धत अगदी सरळ होती. घरोघरी खपणारी औषधे बाजारातून विकत आणायची, रसायनतज्ज्ञाकडून त्यांचे पृथक्करण करून घ्यायचे, आणि आत काय निघाले व त्या मालाला किती खर्च आला असेल ते छापायचे. इंग्लंडात सर्वांच्या तोंडी असलेल्या बीचम्स पिल्समध्ये तीन गोष्टी निघाल्या: कोरफडीचा आटवून वाळवलेला रस, म्हणजे आपल्याकडचा काळा बोळ, सुंठीची पूड, आणि साबण. ५६ गोळ्यांची डबी एक शिलिंग दीड पेन्सला मिळे. आतल्या मालाची किंमत होती अर्धा फार्दिंग, म्हणजे एका पेनीचा आठवा भाग. कर वजा केला तरी माल आणि किंमत यांत शंभर पटींच्या आसपास अंतर होते. जाहिरात मात्र ही डबी एका गिनीच्या, म्हणजे २१ शिलिंगांच्या मोलाची असल्याचे सांगत असे.

या गोळ्यांनी पोट साफ होई, हे खरे. काळा बोळ रेचक आहे आणि सुंठीमुळे पोटातली मुरड कमी होते. पण डोकेदुखी, चक्कर, अस्वस्थ झोप, भयंकर स्वप्ने, स्त्रियांचे विकार अशा लांबलचक यादीवर हीच गोळी चाले, असा दावा होता. यादी खोटी होती यापेक्षा मला अधिक गंभीर वाटते ते हे, की डबीत काय आहे हे सांगण्याचे बंधन विकणाऱ्यावर नव्हते आणि ते जाणून घेण्याचा हक्क घेणाऱ्याला नव्हता. त्या शतकातल्या सगळ्या अनर्थांच्या मुळाशी हा लपवण्याचा अधिकार आहे.

पेटंट नसलेली ‘पेटंट’ औषधे

सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडच्या राजाकडून काही औषधवाल्यांना सनदा मिळाल्या. स्टॉटनच्या अर्काला १७१२ साली, टर्लिंग्टनच्या ‘बाल्सम ऑफ लाइफ’ला १७४४ साली. त्यावरून दुकानात तयार मिळणाऱ्या सगळ्याच औषधांना पेटंट औषधे म्हणण्याची रीत पडली. प्रत्यक्षात एकोणिसाव्या शतकातल्या बहुतेकांनी पेटंट घेतलेच नव्हते. पेटंट घ्यायचे तर कृती उघड करावी लागते, आणि मुदत संपली की ती कोणालाही वापरता येते. त्यापेक्षा नाव, लेबल आणि बाटलीचा आकार यांवर हक्क ठेवून कृती गुप्त राखणे धंद्याला सोयीचे होते.

ब्रिटनमध्ये १७८३ पासून अशा औषधांवर कर होता. कर भरल्याची सरकारी पट्टी डबीवर चिकटवलेली असे. तिचा अर्थ महसूल भरला एवढाच. पण सामान्य गिऱ्हाइकाला ती सरकारने औषधाला दिलेली पसंती वाटे, आणि विक्रेते तो समज दूर करत नसत. अमेरिकेतही यादवी युद्धाच्या खर्चासाठी १८६२ पासून १८८३ पर्यंत असाच मुद्रांक होता.

लोक ही औषधे का घेत

आज ही नावे वाचताना त्या काळचे लोक भोळे होते असे वाटू शकते. ते मला पटत नाही. त्यांच्यापुढे दुसरा पर्याय काय होता, हे आधी पाहायला हवे.

शतकाच्या पूर्वार्धात युरोप-अमेरिकेतला पदवीधर डॉक्टर मुख्यतः तीन गोष्टी करी: शिरेतून रक्त काढणे, वांती-जुलाब करवणे आणि कॅलोमेल नावाचा पाऱ्याचा क्षार देणे. त्याही आधी, १७९३ साली, फिलाडेल्फियात पीतज्वराची साथ आली तेव्हा बेंजामिन रश या नामवंत डॉक्टराने हेच उपचार जोराने केले आणि त्यांचा पुरस्कार आयुष्यभर सोडला नाही. डिसेंबर १७९९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनचा घसा सुजला. काही तासांच्या आत त्याचे रक्त चार वेळा काढण्यात आले आणि त्याच रात्री तो वारला. पाऱ्याने हिरड्या सुजत, तोंडातून सतत लाळ गळे, दात हलत. लाळ गळू लागली की औषध लागू पडले, असे डॉक्टर मानत.

अशा उपचारांच्या शेजारी गोड चवीचा, वनस्पतींपासून केलेला म्हणून सांगितला जाणारा, एका डॉलरचा काढा ठेवला तर रोग्याने कशाला हात घालावा? डॉक्टराची फी परवडत नसे आणि खेड्यांत डॉक्टरच नसे. शिवाय सर्दी, खोकला, हगवण, पाठदुखी ही बरीचशी दुखणी काही दिवसांनी आपोआप उतरतात. त्या दिवसांत जे पोटात गेले त्याला श्रेय मिळते. खोकल्याच्या औषधात अफू असे, तिने खोकला खरोखर दबे. थकव्यावरच्या ‘बिटर्स’मध्ये दारू असे, तिने खरोखर बरे वाटे. हा अनुभव खोटा नव्हता. आराम पडला आणि रोग गेला यांत फरक असतो, तो कळण्याचे साधन लोकांकडे नव्हते, एवढेच.

डॉक्टरांवरचा राग काही औषधवाल्यांनी उघडपणे वापरला. लंडनच्या जेम्स मॉरिसनने १८२५ मध्ये आपल्या ‘व्हेजिटेबल’ गोळ्या आणल्या. सगळे रोग रक्तातल्या अशुद्धतेने होतात आणि भरपूर रेचक हाच त्यांवर उपाय, असे तो सांगे. गुण येत नसेल तर गोळ्या वाढवा, हा त्याचा सल्ला. १८३६ मध्ये एक रोगी अशा गोळ्यांच्या भडिमाराने मेला. विकणाऱ्यावर सदोष मनुष्यवध सिद्ध झाला आणि त्याला २०० पौंड दंड झाला. गोळ्यांची विक्री चालूच राहिली.

तान्ह्या बाळांचे सिरप

अमेरिकेच्या मेन राज्यातल्या बँगोर गावी १८४९ साली जेरेमाया कर्टिस आणि बेंजामिन पर्किन्स यांनी ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ बाजारात आणले. कर्टिसच्या सासूबाई शार्लट विन्स्लो बाळंतिणींची आणि लहान मुलांची शुश्रूषा करत. कृती त्यांची, असे सांगितले जाई. दात येणाऱ्या, पोट दुखणाऱ्या, रात्री रडणाऱ्या बाळासाठी हे औषध होते. जाहिरातीच्या चित्रांत प्रसन्न आई आणि गुटगुटीत मुले असत. १८६८ मधल्या एका खटल्यात कर्टिसने सांगितले की वर्षाला १५ लाखांहून अधिक बाटल्या खपतात.

सिरपात मॉर्फीन होते. एका औंसात, म्हणजे सुमारे ३० मिलिलिटरमध्ये, ६५ मिलिग्रॅम. म्हणजे चहाच्या एका चमच्यात १० मिलिग्रॅमच्या वर. मोठ्या माणसाला तीव्र वेदनांसाठी तोंडावाटे मॉर्फीन सुरू करताना आज साधारण एवढीच मात्रा देतात. हा चमचा सहा महिन्यांच्या बाळाला दिवसातून तीन-चार वेळा द्यावा, अशी सूचना होती. मॉर्फीनने श्वास मंदावतो. बाळ गप्प होई, गाढ झोपे, आणि काही बाळे उठत नसत. ज्यांचा जीव वाचे त्यांनाही भूक लागेना, ती सुकत जात. अशा मृत्यूंचे कारण अशक्तपणा किंवा आकडी असे लिहिले जाई, म्हणून किती मुले या सिरपाने गेली ते मोजण्याचा मार्गच राहिला नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९११ मध्ये या सिरपाची नोंद बालघातक औषधांत केली.

इंग्लंडच्या गिरणगावांत हेच काम ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ करी. काकवी, पाणी, मसाला आणि अफू असे त्याचे स्वरूप. प्रत्येक दुकानदार आपापल्या प्रमाणाने ते मिसळे, त्यामुळे एका दुकानातला चमचा दुसऱ्या दुकानातल्या चमच्याइतका असेलच असे नाही. बाटली हलवली नाही तर अफू तळाशी बसे आणि शेवटचा डोस सर्वात जबर होई. फ्रीड्रिख एंगेल्सने इंग्लंडच्या कामगारांवरच्या १८४५ च्या पुस्तकात या औषधाचा नाव घेऊन उल्लेख केला आहे.

दोष मातांवर टाकणे सोपे होते आणि त्या काळच्या अनेक सज्जनांनी तो टाकला. पण पहाटे गिरणीत जाऊन अंधार पडल्यावर परतणारी बाई आपले तान्हे एखाद्या म्हातारीकडे सोपवून जाई. त्या म्हातारीकडे अशी पाच-सहा मुले असत, आणि ती शांत ठेवायला तिच्याजवळ बाटलीशिवाय काही नसे. मुंबईतही हेच घडले. गिरण्यांत जाणाऱ्या बायका मागे राहिलेल्या बाळाला अफूची बाळगोळी देऊन जात, आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापर्यंत सरकारी पाहण्यांत याची नोंद होत राहिली. लँकेशरमधली बाटली आणि परळमधली गोळी, दोन्हींचे कारण एकच होते: आईला सुट्टी नाही आणि मुलाला सांभाळणारे कोणी नाही. मुंबईतल्या बाईला निदान गोळीत अफू आहे हे माहीत होते. मेनमधल्या सिरपाच्या लेबलावर मात्र मॉर्फीनचा शब्दही नव्हता.

हिंदुस्थानात जन्मलेले क्लोरोडाइन

या औषधांपैकी एकाचा जन्म आपल्याकडचा आहे. जॉन कॉलिस ब्राउन हा ब्रिटिश लष्करातला डॉक्टर १८४८ च्या सुमारास हिंदुस्थानात होता. पटकीने सैनिक पटापट मरत. त्याने लॉडॅनम म्हणजे मद्यार्कातली अफू, गांजाचा अर्क आणि क्लोरोफॉर्म यांचे मिश्रण केले आणि त्याला क्लोरोडाइन नाव दिले. १८५६ मध्ये त्याने विक्रीचा हक्क लंडनच्या जे. टी. डेव्हनपोर्टला दिला. पुढे पटकी, हगवण, खोकला, दमा, मज्जातंतूंच्या वेदना, निद्रानाश अशा सगळ्यांसाठी ते विकले जाऊ लागले. वसाहतींत जाणाऱ्या साहेबाच्या पेटीत ही छोटी बाटली असेच.

नाव खपते म्हटल्यावर इतर क्लोरोडाइनेही आली. फ्रीमन नावाच्या औषधविक्रेत्याने मूळ शोध आपलाच असल्याचे सांगितले. १८६४ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की ब्राउन हाच जनक आणि फ्रीमनची हकीकत खोटी आहे. डेव्हनपोर्टने हा निकालच पुढे कित्येक वर्षे जाहिरातीत छापला. न्यायालयापुढचा प्रश्न फक्त मालकीचा होता. औषध गुणकारी आहे का, सुरक्षित आहे का, हे न्यायाधीशांनी ठरवले नव्हते. वाचणाऱ्याला मात्र तसे वाटावे अशी जाहिरातीची मांडणी असे.

पटकीत क्लोरोडाइनने काय होई? अफूने आतड्यांची हालचाल मंदावते, पोटातले पेटके कमी होतात, रोगी शांत पडतो. पाहणाऱ्याला धीर येतो. पण पटकीत माणूस मरतो तो शरीरातले पाणी आणि क्षार निघून गेल्याने, आणि या बाटलीत त्यांची भरपाई करणारे काही नव्हते. खरा उपाय आधीच कोणाच्या तरी हातून होऊन गेला होता, ही गोष्ट मला फार चटका लावते. १८३२ च्या साथीत स्कॉटलंडमधल्या लीथच्या थॉमस लाटा या डॉक्टराने मरणोन्मुख रोग्यांच्या शिरेत मिठाचे पाणी सोडले आणि त्यातले काही उठून बसले. त्याला साथ मिळाली नाही, पुढच्याच वर्षी तो वारला आणि ती पद्धत मागे पडली. पंढरपूरच्या यात्रेत आणि मुंबईच्या वस्त्यांत त्यानंतर कित्येक दशके पटकी माणसे नेत राहिली. त्या सगळ्या काळात बाजारात जे सहज मिळत होते ते क्लोरोडाइन.

त्याची सवयही लागे. ब्रिटनमध्ये १८६८ च्या फार्मसी कायद्याने अफूच्या विक्रीवर काही बंधने आणली, पण पेटंट औषधांना त्यातून वगळले. अफू मागायला गेलेल्याला दुकानदार प्रश्न विचारी. क्लोरोडाइन मागणाऱ्याला नाही. १८९० च्या दशकात न्यायालयांनी अशा औषधांच्या बाटलीवर ‘विष’ अशी चिठ्ठी लावायला भाग पाडले, तेव्हा कुठे ही पळवाट थोडी बुजली.

लिडिया पिंकमला आलेली पत्रे

मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावची लिडिया पिंकम घरच्या चुलीवर बायकांच्या दुखण्यांसाठी काढा करून शेजारणींना फुकट देई. १८७३ च्या आर्थिक मंदीत तिचा नवरा बुडाला. १८७५ पासून घरच्यांनी तोच काढा बाटलीला एक डॉलर या दराने विकायला काढला. १८७९ पासून तिचा वत्सल चेहरा जाहिरातींत आणि लेबलावर आला आणि देशभर ओळखीचा झाला. काढ्यात काही अमेरिकी मुळ्या, मेथीचे दाणे आणि १८ ते २० टक्के मद्यार्क होता. मद्यार्क मुळ्यांतला अर्क टिकवण्यासाठी आहे, असे कंपनी सांगे. दारूबंदीच्या चळवळीत असलेल्या बायकाही तो काढा निःशंकपणे घेत.

तिच्याकडे नुसती फसवणूक म्हणून पाहता येत नाही. १८७२ मध्ये जॉर्जियातल्या रॉबर्ट बॅटीने पाळीच्या त्रासावर निरोगी बीजकोश काढून टाकण्याची शस्त्रक्रिया सुरू केली होती, आणि तिचे लोण पसरत होते. पुरुष डॉक्टरापुढे आपले दुखणे सांगणेच बहुतेक बायकांना अशक्य होते. पिंकमबाईंनी त्यांना सांगितले, मला लिहा, तुमचे पत्र कोणी पुरुष वाचणार नाही. पत्रे हजारांनी आली. उत्तरांत काढ्याची शिफारस असे, पण त्याबरोबर स्वच्छता, मोकळी हवा, आहार यांचा शहाणा सल्लाही असे. स्त्रीच्या शरीराची रचना समजावणारी पुस्तिकाही कंपनी वाटे. इतरत्र हे ज्ञान अशिष्ट समजले जात होते.

१८८१ मध्ये तिचे दोन्ही कर्ते मुलगे, डॅनियल आणि विल्यम, क्षयाने गेले. १८८३ मध्ये ती स्वतः वारली. जाहिरातीतले ‘मिसेस पिंकमना लिहा’ हे आवाहन मात्र थांबले नाही, आणि स्त्रिया एका मृत बाईला आपली गुपिते कळवत राहिल्या. १९०५ मध्ये ‘लेडीज होम जर्नल’चा संपादक एडवर्ड बॉक याने तिच्या थडग्याचे छायाचित्र छापले, त्यावर मृत्यूचे वर्ष स्पष्ट दिसत होते. या मासिकाने १८९२ मध्येच पेटंट औषधांच्या जाहिराती बंद केल्या होत्या, म्हणून त्याला हे छापता आले.

जंतू मारणारे पाणी

१८८२ मध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू दाखवला. हे नवे ज्ञान औषधवाल्यांनी लगेच उचलले. टेक्सासमधल्या ऑस्टिनचा विल्यम रॅडम हा माळीकाम करणारा प्रशियन स्थलांतरित. झाडांवरची कीड मारता येते तशी माणसातली का नाही, या विचाराने त्याने १८८६ मध्ये ‘मायक्रोब किलर’ काढले. मोठ्या बरणीची किंमत तीन डॉलर. बोधचिन्हात सोटा उगारलेला माणूस मृत्यूच्या सांगाड्यावर चाल करून जातो. पृथक्करणात ९९ टक्क्यांहून अधिक पाणी निघाले, बाकी थोडे गंधकाम्ल आणि रंगापुरती लाल वाइन. माल काही सेंटांचा. सगळ्या रोगांचे कारण एकच, म्हणून उपायही एकच, हा त्याचा युक्तिवाद वरवर शास्त्रीय भासतो. नव्या शोधांची भाषा उसनी घेण्याची ही रीत तेव्हा इतकी रुळली की चुंबक, वीज, पुढे रेडियम, जे जे प्रयोगशाळेत दिसले ते ते बाजारात आले.

गावोगावचे खेळ

अमेरिकेच्या खेड्यांत औषध गाड्यांवरून येई. गाणे, नकला, कसरती फुकट, आणि मध्येच बाटल्यांची विक्री. १८८१ मध्ये हीली आणि बिगेलो यांनी काढलेली किकापू इंडियन मेडिसिन कंपनी यात सर्वात मोठी. मूलनिवासी स्त्री-पुरुषांना पगारावर आणून ते जंगलातल्या गुप्त वनस्पतींची बतावणी करवत. ज्या लोकांच्या जमिनी हिसकावल्या गेल्या, त्यांच्याच नावावर असा धंदा उभारला गेला.

क्लार्क स्टॅन्ली नावाच्या माणसाने १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात गर्दीसमोर खुळखुळ्या साप चिरून ‘स्नेक ऑइल’ विकले. १९१६ मध्ये सरकारी रसायनतज्ज्ञांनी ते तपासले. खनिज तेल, एक टक्का चरबी, मिरची, आणि कापूर व टर्पेंटाइनचा अंश. सापाचा काही पत्ता नाही. दंड झाला २० डॉलर.

काहींत तथ्य होते

कॅनडाच्या जॉर्ज फुलफर्डने १८९० मध्ये ५३ डॉलर १ सेंटला ‘डॉ. विल्यम्स पिंक पिल्स’चे हक्क घेतले आणि त्यांवर साम्राज्य उभे केले. गोळीत लोहाचा क्षार होता. रक्तक्षयाने पांढऱ्या पडलेल्या मुलींना त्याने गुण येणे स्वाभाविक होते. पक्षाघात आणि संधिवातावरचे दावे मात्र निराधार. नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्डने १८५१ मध्ये काढलेल्या ग्राइप वॉटरमध्ये बाळंतशोपेचे तेल, खाण्याचा सोडा, साखर आणि थोडा मद्यार्क होता. मद्यार्क कालांतराने काढण्यात आला आणि आपल्या घरांतही ती बाटली वर्षानुवर्षे राहिली. मिसेस विन्स्लोच्या सिरपाशेजारी ठेवली तर ती बरीच निरुपद्रवी होती. पण दुकानात उभ्या असलेल्या आईला हा फरक कळणार कसा? दोन्ही लेबलांवर बाळ हसतच होते.

वर्तमानपत्रे गप्प का राहिली

अमेरिकेत या औषधांचे वार्षिक उत्पादन १८५९ मध्ये ३५ लाख डॉलरांचे होते. १९०४ मध्ये ते सुमारे साडेसात कोटींवर गेले. या पैशांचा मोठा वाटा जाहिरातींत जाई, आणि कित्येक लहान वृत्तपत्रे त्यावरच चालत. इंग्लंडात थॉमस हॉलोवेने १८३७ मध्ये मलम विकायला सुरुवात केली. १८४२ मध्ये तो जाहिरातींवर वर्षाला ५,००० पौंड खर्चत होता, अखेरीस ५०,००० च्या घरात. त्याच्या जाहिराती चिनी, तुर्की, अरबी आणि हिंदुस्थानातल्या भाषांत निघत. याच पैशातून लंडनजवळ स्त्रियांसाठी रॉयल हॉलोवे कॉलेज उभे राहिले, १८८६ मध्ये राणी व्हिक्टोरियाने त्याचे उद्घाटन केले. शिक्षणावर झालेला तो खर्च सत्कारणी लागला, याबद्दल मला शंका नाही. तो पैसा कोणाच्या दुखण्यातून आला, हेही त्या इमारतीच्या इतिहासाचा भाग आहे.

ओहायोतल्या टोलीडोचा फ्रँक चेनी ‘हॉल्स कॅटार क्युअर’ विके आणि औषधवाल्यांच्या संघटनेचा अध्यक्षही होता. त्याने वृत्तपत्रांबरोबरच्या करारात एक कलम घातले: राज्यात पेटंट औषधांना बाधक कायदा झाला तर हा करार आपोआप रद्द. तांबड्या शाईत छापलेले हे कलम वाचणाऱ्या संपादकाला वेगळे काही सांगावे लागत नसे. १९०५ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळात घटक जाहीर करण्याच्या विधेयकावर चर्चा झाली, तेव्हा तिथल्या बहुतेक वृत्तपत्रांनी तिची बातमीही दिली नाही. ‘कॉलियर्स’ साप्ताहिकात मार्क सलिव्हनने त्याच वर्षी नोव्हेंबरात हे करार उघडे केले.

नाव छापा

त्याच ‘कॉलियर्स’मध्ये ७ ऑक्टोबर १९०५ पासून सॅम्युएल हॉपकिन्स ॲडम्सची लेखमाला सुरू झाली. त्याने कंपन्यांची नावे घेतली, प्रयोगशाळेचे अहवाल छापले, प्रशस्तिपत्रे देणाऱ्यांचा शोध घेतला. ‘पेरूना’ या सर्दीवरच्या औषधात सुमारे २८ टक्के मद्यार्क होता; केंद्र सरकारने मूलनिवासींच्या राखीव प्रदेशांत त्याची विक्री आधीच बंद केली होती, म्हणजे सरकारला ते दारू म्हणून ठाऊक होते.

३० जून १९०६ रोजी प्युअर फूड अँड ड्रग्ज ॲक्टवर अध्यक्ष रूझवेल्टची सही झाली. कृषी खात्याचा मुख्य रसायनतज्ज्ञ हार्वी वायली याची त्यामागे अनेक वर्षांची धडपड होती. या कायद्याने अफू विकण्यास बंदी केली नाही, दारू मिसळण्यासही नाही. मद्यार्क, अफू, मॉर्फीन, हेरॉइन, कोकेन, क्लोरोफॉर्म, गांजा, क्लोरल हायड्रेट, ॲसिटॅनिलाइड असे ठरावीक पदार्थ असतील तर त्यांचे नाव आणि प्रमाण लेबलावर छापा, एवढेच बंधन. बंधन लहान दिसते. पण सूदिंग सिरपाच्या बाटलीवर ‘मॉर्फीन’ हा शब्द आल्यावर आया दचकल्या, आणि काही वर्षांत उत्पादकांना ते काढावे लागले. कित्येक औषधांतली दारू कमी झाली.

रोग बरा करण्याच्या खोट्या दाव्यांना मात्र या कायद्याने हात लावला नाही. कर्करोगावरच्या ‘डॉ. जॉन्सन्स माइल्ड कॉम्बिनेशन ट्रीटमेंट’च्या खटल्यात १९११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितले की ‘खोटे’ म्हणजे घटकांबद्दल खोटे, गुणांबद्दल नव्हे. पुढच्या वर्षी शर्ली दुरुस्तीने गुणांचे खोटे दावे कक्षेत आले, पण फसवण्याचा हेतू सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर राहिली. ‘मला खरेच वाटत होते’ एवढा बचाव पुरे. विक्रीआधी औषध सुरक्षित असल्याचे दाखवण्याची सक्ती १९३८ मध्ये आली, तीही एका सल्फा औषधाच्या सिरपात विषारी द्रावक मिसळल्याने शंभराहून अधिक माणसे, त्यांत पुष्कळ मुले, मेल्यानंतर.

ब्रिटन आणि भारत

ब्रिटिश संसदेच्या समितीने १९१२ ते १९१४ अशी दोन वर्षे साक्षी घेतल्या. तिचा अहवाल ४ ऑगस्ट १९१४ रोजी प्रसिद्ध झाला. त्याच दिवशी ब्रिटन महायुद्धात उतरले आणि अहवाल बाजूला पडला. घटक जाहीर करण्याची सक्ती तिथे १९४१ च्या कायद्याने झाली.

परदेशी कंपन्यांसाठी हिंदुस्थान ही मोकळी बाजारपेठ होती. रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९३०-३१ मध्ये इथल्या औषधबाजाराची तपासणी केली. त्यातून १९४० चा औषध कायदा आला. जाहिरातींसाठी स्वतंत्र कायदा १९५४ मध्ये झाला: औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम. त्याच्या परिशिष्टात कर्करोग, मधुमेह, अंधत्व, पक्षाघात यांसह ५४ विकारांची यादी आहे. ते बरे करण्याच्या दाव्याची जाहिरात सर्वसामान्य जनतेपुढे करता येत नाही. ताईत, गंडे, मंत्र यांचाही समावेश ‘जादुई उपाय’ या व्याख्येत आहे.

हमदर्द दवाखान्याने या कायद्याला आव्हान दिले. आपले अभिव्यक्तिस्वातंत्र्य हिरावले जाते, असे त्यांचे म्हणणे होते. डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की बंदी असलेल्या औषधाची व्यापारी जाहिरात या स्वातंत्र्याच्या संरक्षणात येत नाही. सरकारला यादीत हवे ते रोग घालू देणारा मोघम अधिकार आणि जप्तीचे एक कलम मात्र न्यायालयाने रद्द केले. बाकी कायदा कायम राहिला आणि आजही लागू आहे. महाराष्ट्रात त्याखालची कारवाई अन्न व औषध प्रशासन करते, आणि जाहिरात पाहणाऱ्या कोणाही नागरिकाला तिथे तक्रार नोंदवता येते.